तुम्ही विचारलंत म्हणून : दुकानाशिवाय चामड्याचा माल विकतो कसा

"खेड्यात राहता, रस्त्यावर दुकान नाही, मग तुमचा चामड्याचा माल विकला जातो तरी कसा?" हा प्रश्न मला गेली बारा वर्षे विचारला जात आहे. बँकेतले साहेब विचारतात, बचत गटातल्या ताई विचारतात आणि अलीकडे हेच काम हाती घेऊ पाहणारी आमच्या समाजातली मुले-मुली फार आशेने विचारतात. दारात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे पडते, असे दर वेळी वाटते; म्हणून या वेळी लिहून देतो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात राहतो आणि घराच्या पडवीतच काम करतो. माझे आजोबा विहिरीवरची मोट आणि बैलांचे नाडे शिवत. वर्ध्याजवळच्या नालवाडीत गांधीजींच्या काळात चर्मालय होते, तिथे मेलेल्या जनावरांची कातडी कमावली जात. आजोबा तिथून कातडे आणत, असे वडील सांगायचे. पुढे विहिरींवर इंजिन आणि विजेचे पंप आले आणि मोट गेली. वडिलांच्या हयातीत रबराची आणि प्लॅस्टिकची चप्पल आली, मग ट्रॅक्टर आला, आणि बैलांबरोबर त्यांचे पट्टेही कमी झाले. हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की आमच्या घरात पूर्वी विकण्याचा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक ठरलेले होते आणि मोबदलाही ठरलेला होता. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन बलुते आणायचे, मग ते कमी असो की जास्त. आपल्या हातच्या कामाची किंमत आपण सांगायची असते, ही गोष्ट तीन पिढ्यांत कोणी शिकलेच नाही. वस्तू उत्तम शिवणारे कितीतरी कारागीर मी पाहिले आहेत, पण किंमत सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. माझाही जात असे.

सुरुवातीला मी कमरेचा पट्टा तीनशे रुपयांना देत होतो. एका पट्ट्याला अर्धा चौरस फूट चामडे लागते, पण लांब आणि सरळ तुकडा कातड्याच्या पाठीतूनच काढावा लागतो, पोटाकडचे चामडे पुढे ताणते. म्हणून कापतानाची नासधूस धरून पाऊण फूट धरावे लागते. माझ्याकडे येणारे झाडाच्या सालीत कमावलेले म्हशीचे चामडे फुटाला दोनशे रुपयांना पडते, म्हणजे दीडशे झाले. पितळी बक्कल सत्तर, दोरा, मेण, रंग आणि तेल मिळून वीस. एकूण दोनशे चाळीस. साठ रुपये सुटले, असे मी समजत असे. पण कापणे, कडा घासणे, आरीने भोके पाडून दोन सुयांनी शिवणे यात अडीच तास जातात, हे मी कधी धरलेच नाही. दिवसाची मजुरी सहाशे धरली, तर अडीच तासांचे एकशे नव्वद होतात. बिघडलेले तुकडे, हत्यारांची धार आणि वीज यांचे आणखी पंचेचाळीस घातले, की पट्टा घरातच पावणेपाचशेला पडतो. त्यावर स्पीड पोस्ट आणि खोका मिळून पंच्याऐंशी, आणि पुढे कधी तरी करून द्यावयाच्या दुरुस्तीसाठी राखलेले तीस. हे सगळे वहीत मांडले त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण इतकी वर्षे मी प्रत्येक पट्ट्याबरोबर स्वतःची मजुरी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत होतो. आज तोच पट्टा साडेसातशेला जातो. "एवढा महाग काऊन जी?" असे कोणी विचारले, तर मी वही उघडून दाखवतो. काही लोक निघून जातात, पण वही पाहिलेल्या माणसाने नंतर घासाघीस केल्याचे मला आठवत नाही.

या हिशेबामुळेच दुकानदारांना माल देणे मी बंद केले. शहरातल्या एका दुकानाने एकदा माझी चाळीस पाकिटे जांगड घेतली, म्हणजे विकली तर पैसे, नाही तर माल परत. पावसाळा गेल्यावर सव्वीस पाकिटे परत आली, ती बुरशी चढलेली, आणि उरलेल्यांचे पैसे आजवर आले नाहीत. चूक माझीही होती, कारण मी काहीही लिहून घेतले नव्हते. पण लिहून घेतले असते, तरी गणित बसत नव्हते. दुकानदाराला चाळीस टक्के सोडले, तर साडेसातशेच्या पट्ट्याचे मला साडेचारशे मिळतात, आणि पट्टा घरातच पावणेपाचशेला पडतो. दुकानात माल ठेवायचा असेल, तर त्याची किंमत आणि घडण आधीपासून तशी आखावी लागते.

चामड्याच्या धंद्यात गिऱ्हाईक आणखी एक प्रश्न विचारते, कधी उघडपणे आणि कधी वस्तू हातात घेऊन नुसतेच पाहत. हे कातडे कशाचे? 2015 मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. मी म्हशीचे आणि बकरीचे चामडे वापरतो, ते पक्क्या बिलावर घेतो आणि बिलाची प्रत जवळ ठेवतो. कुणी विचारण्याआधीच वस्तूच्या चिठ्ठीवर तसे लिहितो. त्याच चिठ्ठीवर चामडे सालीत कमावलेले आहे की क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, हेही लिहितो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरायला आठवडे लागतात. ते उन्हाने आणि हाताच्या वापराने गडद होत जाते आणि भिजले तर डाग धरते. क्रोमचे चामडे फार लवकर तयार होते, मऊ असते आणि पावसात बरे टिकते. दोन्ही चांगली आहेत, फक्त कामे वेगळी आहेत. शेतात जाणाऱ्या माणसाला मी सालीचे पाकीट आग्रहाने देत नाही, कारण घामाने ते चार महिन्यांत काळे पडेल आणि त्याला आपण फसलो असे वाटेल.

चपलांच्या बाबतीत तर शब्द फार जपून वापरावा लागतो. पुण्याहून फोन येतो, की कोल्हापुरी पाठवा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांपुरते आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांपुरते आहे. वर्ध्याच्या पडवीत शिवलेली चप्पल कितीही तशी दिसली, तरी ती कोल्हापुरी नव्हे. मी तसे फोनवरच सांगतो आणि "हातशिवणीची चप्पल" एवढेच नाव देतो. त्यामुळे काही ऑर्डरी गेल्या. त्या कारागिरांच्या नावावर मी पोट भरावे, हे मला पटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण लोकांना खरे तर जाहिरात कशी करता हे हवे असते. मोबाईलवर फोटो काढतो, सकाळच्या उजेडात, पडवीच्या उंबऱ्यावर. आकार कळावा म्हणून वस्तू हातात धरतो. ते फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जातात. पैसे आधी यूपीआयने घेतो. घरी पोचल्यावर पैसे देण्याची सोय ठेवली होती, तेव्हा बरीच पार्सले न स्वीकारताच परत आली. एवढ्यात जाहिरात संपली. पण माल जातो तो या सगळ्यामुळे नव्हे, तर दुरुस्तीमुळे, असे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

माझ्या हातची वस्तू कितीही वर्षांनी उसवली, तरी टाका मी फुकट घालून देतो; गिऱ्हाइकाने फक्त पाठवण्याचा खर्च करायचा. दुसऱ्याने शिवलेली वस्तूही मी दुरुस्त करतो, तिचे पैसे घेतो. माझी पहिली बाहेरगावची गिऱ्हाइके म्हणजे आमच्याच गावची, पुण्या-नागपूरला नोकरीला गेलेली मुले होती. दिवाळीला घरी येताना ती तुटलेल्या पिशव्या घेऊन येत, आणि परत जाताना ती पिशवी पाहून त्यांचे सोबती विचारत, की ही कोणी शिवून दिली. नव्या वस्तूकडे पाहून लोक किंमत विचारतात, पण दुरुस्त झालेल्या वस्तूकडे पाहून कारागिराचा पत्ता विचारतात, हा माझा अनुभव आहे. शिवाय परत आलेली वस्तूच मला माझ्या चुका सांगते. लॅपटॉपच्या पिशव्यांचा खांद्याचा पट्टा एकाच जागी, कडीजवळ, तुटून येऊ लागला, तेव्हा मला कळले की तिथे एकच शिवण पुरत नाही. आता मी आत चामड्याचा दुसरा थर देऊन चौकोनी शिवण घालतो. ज्यांच्या पिशव्या तोवर गेल्या होत्या, त्यांना मी स्वतः फोन करून त्या मागवल्या. एकोणीस लोकांना फोन केले, त्यांतल्या अकरांनी पिशव्या पाठवल्या आणि त्या अकरांपैकी सहा जणांनी पुढच्या वर्षभरात दुसरी वस्तू मागवली. वहीत नोंद आहे म्हणून हे आकडे सांगू शकतो. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, वस्तू, चामडे आणि तारीख लिहिण्याची सवय मला कोणत्याही हत्यारापेक्षा जास्त उपयोगी पडली.

सरकारी मदतीविषयीही विचारणा होते. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. अवश्य घ्यावे. मात्र कर्जाच्या पैशातून आधी माल करून ढीग लावू नये. आमच्याकडच्या पावसाळ्यात चामड्याचा ढीग म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आणि पहिली वस्तू कोणती करावी, असे मागच्या महिन्यात एका मुलीने विचारले. मी तिला सिंदी रेल्वे या गावातल्या तान्ह्या पोळ्याचे सांगितले. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. खऱ्या बैलांचे पट्टे कमी झाले, तेव्हा मी त्या नंद्यांसाठी घुंगरांचे छोटे चामडी पट्टे करू लागलो. त्याला पिशवीच्या कापातून उरलेले तुकडे पुरतात, चूक झाली तर नुकसान थोडे होते, आणि गिऱ्हाईक पायी चालून येईल इतक्या जवळ असते. तिच्या गावात नंदी मिरवत नसतील, तर तिने दुसरे काही शोधावे. पण सुरुवातीचे गिऱ्हाईक तरी असे असावे, जे तुटलेली वस्तू घेऊन आपल्या दारात येऊ शकेल. राखी पौर्णिमेनंतर मी नंदीच्या पट्ट्यांची ऑर्डर घेत नाही, कारण पुढचे पंधरा दिवस हातातले काम पुरे करण्यात जातात. तिला पट्टे शिवून पाहायचे असतील, तर त्या पंधरा दिवसांत तिने चामडे कापायची रापी आणि भोके पाडायची आरी घेऊन यावे, असे सांगितले आहे.