कुरुंदवाड ते वाडी: चाकांवर, काठीवर आणि गुडघ्यांवर

कुरुंदवाडहून नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला चालत जाणं याला तिकडची माणसं चालणं म्हणतच नाहीत. अंतर तीनेक किलोमीटर, मधे पंचगंगा, पलीकडे वाडी. पौर्णिमेला अंघोळ उरकायची, पायात चपला सरकवायच्या आणि निघायचं. माझी आत्या लग्न होऊन कुरुंदवाडात आली तेव्हापासून हेच करत आली. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, हातात वॉकर आलाय, तरी तिचं टुमणं सुटत नाही. "एकदा चालत जायाचं हाय बघ मला वाडीला. गाडीतनं नको."

मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगं काढतो. अपघातात कमरेखालचं गेलं तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. आमच्या धंद्यात साइट बघितल्याशिवाय ड्रॉइंगला हात लावायचा नसतो, म्हणून आत्याला म्हटलं, आधी वाट मोजू, मग तुझं काय ते ठरवू. बरोबर दोघं घेतली. एक आमचे मास्तर. तबला शिकवतात, दिसत नाही, पांढरी काठी घेऊन अख्खं मंगळवार पेठ पालथं घालतात. दुसरा माझा भाचा, ढकलायला आणि टेपचं दुसरं टोक धरायला. टेप, खडू, आणि मोबाइलमध्ये उताराचा कोन दाखवणारं ॲप. बस्स, एवढंच सामान.

कुरुंदवाडच्या घाटावर सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे. मास्तरांना तिथे जायचं होतं, पण घाट म्हटला की पायऱ्या आल्या आणि पायऱ्यांचा विषय मला शेवटासाठी राखून ठेवायचा होता. म्हणून गावातूनच सुरुवात केली.

गावातला रस्ता म्हणाल तर वाईट नाही. दुकानांपुढच्या फरश्या, त्यावर मांडलेला माल, त्यापुढे लावलेल्या मोटारसायकली, हे सगळं कुठल्याही गावात असतं तसंच. फुटपाथ असला तरी त्यावर चढता आलं पाहिजे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा पादचाऱ्यांसाठीचा नियम सांगतो की फुटपाथची मोकळी रुंदी 1.8 मीटर हवी आणि कडेची उंची 15 सेंटिमीटरच्या वर नको. ही पंधराची कड चढायला 1:12 चा, म्हणजे बारा सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर चढ असा, उतार करायचा तर 1.8 मीटर लांबी लागते. ॲपवर तो पावणेपाच अंशांच्या आसपास दिसतो. लोक मात्र दारात सिमेंटचा एक गोळा थापतात आणि त्याला रॅम्प म्हणतात. एका दुकानापुढे मोजला, अठरा अंश भरला. मालक कौतुकाने म्हणाला, "गाडी चढती की सहज!" चढणारच. तिला इंजिन आहे.

स्पीडब्रेकरचंही तेच. नियमातला स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. खुर्चीला तो जवळजवळ कळतही नाही. आपल्याकडे मात्र रस्त्यात वरवंटा आडवा ठेवल्यासारखा असतो. त्यावर पुढची चाकं उचलूनच जावं लागतं, आणि उतरताना पाठीच्या मणक्यांना हिशेब द्यावा लागतो.

गाव संपलं की खरी परीक्षा. डांबरी रस्ता सपाट दिसतो, पण सपाट नसतो. पाणी वाहून जावं म्हणून तो मधे उंच आणि कडांना उतरता ठेवतात, मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर. चालणाऱ्याच्या हे गावीही नसतं. खुर्ची मात्र कडेने जाताना सतत खालच्या अंगाला, म्हणजे डावीकडे ओढ घेते. मग डाव्या हाताने दामटून ढकलायचं आणि उजव्या हाताने नुसतं चाक दाबत, आवरत राहायचं. निम्मी वाट सरेपर्यंत डावा खांदा बोलायला लागतो. रस्त्याच्या मधोमध चाललं तर हा त्रास नाही, पण मग मागून येणारा डंपर तुमचा खांदाच काय, सगळंच दुखणं मिटवून टाकील.

मग साइडपट्टीवरून का जात नाही? जातो की! पण ती जागेवर असली तर. शिरोळ तालुक्याने 2005, 2019 आणि 2021 असे मोठे पूर बघितले. पूर ओसरला की डांबर पुन्हा पडतं; डांबरावर डांबर चढतं, पण बाजूची पट्टी तिथेच राहते, किंबहुना धुपून आणखी खाली जाते. एका ठिकाणी डांबराची कड आणि मुरूम यांच्यात टेप लावला तर अकरा सेंटिमीटर. तेवढ्या खड्ड्यात पुढचं लहान चाक उतरलं की खुर्ची तोंडावर जाते. मुरूम सैल असला तर ती चाकं रुततात, आणि मग मागून कितीही ढकला, नांगर धरल्यागत जागेवर.

मास्तरांना मात्र ही कड आवडली. त्यांनी काठीचं टोक त्या कडेला लावलं आणि रेल्वे रुळावरून जाते तसे सरळ चालत सुटले. मी म्हटलं, "मास्तर, ही कड भरून घ्या म्हणून मी अर्ज देणार आहे." ते म्हणाले, "भरा की. पण मग मला दुसरं काहीतरी द्या, काठीला लागेल असं." मुद्दा बरोबर होता. सगळं एका पातळीत आणलं की खुर्चीला बरं पडतं, पण न दिसणाऱ्याला रस्ता कुठे संपला ते कळत नाही. म्हणून तर ती पिवळी उठावाची फरशी असते. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब. रेल्वे स्टेशनवर लोक तिच्यावर बॅगा मांडून बसतात, तीच.

उसाचा हंगाम चालू होता. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर, आणि वर टेपवर गाणी. त्या गाण्यांची मास्तरांना फार चीड. ताल चुकतो म्हणून नव्हे, तर त्या आवाजाने आजूबाजूचं काहीच ऐकू येत नाही म्हणून. "हॉर्न वाजला की मला दिसायचं बंद होतं," असं ते म्हणतात. लोक त्यांना सावध करायला म्हणून जवळ येऊन हॉर्न देतात. त्या क्षणी भिंत कुठे, माणूस कुठे, गाडी किती लांब, हे सगळं पुसलं जातं आणि त्यांना जागीच उभं राहावं लागतं.

ट्रॉलीतून पडलेले ऊस रस्त्यावर असतातच. गाड्यांखाली येऊन त्यांचा चोथा होतो. चोथ्याचं काही नाही, पण अख्खं कांडं पुढच्या चाकाखाली आलं की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि आपण पुढे जातो. भाच्याने एक कांडं काढून बाजूला टाकण्याऐवजी सोलायला घेतलं. पाहणी तेवढ्यापुरती थांबली.

पूल. मला वाटलं होतं, इथे आपली वाट अडणार. तसं झालं नाही. पुलावरचा पृष्ठभाग अख्ख्या वाटेत सर्वांत चांगला होता, उतारही सौम्य. कठडा आणि गाड्या यांच्यातली जागा कमी आहे, दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की पोटात गोळा येतो, पण मास्तरांना कठड्याचा आधार मिळाला आणि मला सपाटी मिळाली. अडचण आली ती पूल सुरू होतो आणि संपतो तिथे. काँक्रीट आणि डांबर जुळतात तिथला भराव खचतो, दरवर्षी थोडा थोडा, आणि पायरी तयार होते. पुलाच्या सांध्यांच्या फटींतही लहान चाक अडकतं, पण ती फट दिसते, माणूस तयार असतो. ही पायरी दुचाकीवाल्याला नुसता दणका देते. मला थांबवते.

एवढ्या मोजमापातून मला कळलेली गोष्ट हीच. तीन किलोमीटरच्या वाटेची सरासरी काढून चालत नाही. नव्वद टक्के वाट चांगली असली म्हणून नव्वद टक्के माणूस वाडीला पोचत नाही. तो त्या एका हाताएवढ्या पायरीशी बसून राहतो. आणि अशी पायरी बहुतेक वेळा दोन कामांच्या सांध्यावर असते: पूल एकाने बांधलेला, रस्ता दुसऱ्याने केलेला, मधली वीतभर जागा कुणाच्याच मोजमाप वहीत नाही.

त्या पायरीशी मी थांबलो तशी दोन मोटारसायकली थांबल्या. "दादा, धरू काय?" विचारेपर्यंत चौघांनी खुर्ची उचललीसुद्धा. आपल्याकडच्या माणसांचं हे असं आहे. पत्ता विचारला तर घरापर्यंत सोडायला येतील. मला त्याचं अप्रूप आहे आणि त्याचाच वैतागही आहे. कुठेही रॅम्पचा विषय काढा, उत्तर एकच: "चार पोरं उभी करतो, उचलून नेतील की, काय काळजी करतोस!" आत्याही हेच म्हणते. पण उचलून न्यायला पोरं हजर पाहिजेत. त्यांना वेळ पाहिजे. त्यांना खुर्ची कुठे धरायची हे माहीत पाहिजे. हाताचा कठडा निघतो, तो धरून उचलली तर मी खाली आणि कठडा त्यांच्या हातात. आणि मला रोज वाडीला जायचं असेल तर? रोज चार पोरं? कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 साली उभी केली. स्वतः व्हीलचेअरवरून. आमच्यासारख्यांनी उचलून घेण्यापेक्षा स्वतः जाण्याची भाषा बोलायला सुरुवात केली, त्यात त्यांच्या कामाचा वाटा मोठा आहे.

कायद्यातही आता उचलून नेण्याची सोय धरलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याखालच्या 2017 च्या नियमांत सुगम्यतेची जी मानकं होती ती सक्तीची नाहीत, नुसती मार्गदर्शक आहेत, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं. कागद भक्कम आहे. भराव खचलेला आहे.

वाडीत शिरलो की पेढ्यांची, बासुंदीची, कवठाच्या बर्फीची दुकानं. इथे गर्दी असली तरी मला भीती वाटत नाही, कारण गर्दी हळू चालते. अडचण वेगळीच होती आणि ती बोलायची लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही. आम्ही खुर्चीवाले बाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही. का, ते सांगायला नको. एका ठिकाणी दिव्यांगांचं चित्र लावलेलं स्वच्छतागृह दिसलं, आनंद झाला. दाराला टेप लावला: 62 सेंटिमीटर. माझी खुर्ची 64. मानक 90 चं आहे. चित्र मात्र सुरेख होतं, नवंकोरं, निळंपांढरं.

आता घाट. दत्ताच्या पादुकांचं मंदिर कृष्णेच्या काठाशी, खाली. पायऱ्या उतरूनच जायचं. इथे मला रॅम्प मागायचा नाही, आणि हे ऐकून आमच्यातलेच काहीजण माझ्यावर रागावतील. समजा सहा मीटर उतरायचं आहे. 1:12 ने 72 मीटर लांबी झाली. दर पाऊण मीटर उतारानंतर सपाट टप्पा द्यायचा, म्हणजे वळणं घेत घेत अर्धा घाटच रॅम्पने खाल्ला. वर दर पावसाळ्यात नदी येऊन त्यावर गाळ अंथरणार, आणि ओल्या गाळावरचा उतार पायऱ्यांपेक्षा घातकी. घाट नदीसाठी बांधलाय, तो तसाच राहू दे. वरच्या पातळीवर, धक्काबुक्की नसलेली, सावलीची, मंदिर नीट दिसेल अशी सपाट जागा द्या. माझं तेवढ्यावर भागतं.

खरं तर माझ्यासाठी देव दरवर्षी थोडा वर येतो. कृष्णेचं पाणी चढलं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा, आणि त्याहून चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला आणून तिथे पूजाअर्चा चालते. म्हणजे दर्शनाला पायऱ्या कमी. फक्त तेव्हा कुरुंदवाडचा रस्ता पाण्याखाली जायच्या बेतात असतो.

अर्ज दिलाय. त्यात मोठं काही मागितलेलं नाही. पुलाच्या दोन्ही टोकांचा भराव पुलाच्या पातळीत आणा, साइडपट्टी एका बाजूने तरी सलग घट्ट करा आणि तिच्या कडेला काठीला लागेल अशी रेघ ठेवा, सावलीत टेकायला बाकडी ठेवा. बाकडी आत्याच्या नावावर आहेत. वॉकरवर चालणाऱ्याला उताराइतकंच बसायला कुठे मिळेल याचं पडलेलं असतं. ती शे-दोनशे मीटर चालते आणि मग एखाद्या मैलाच्या दगडावर, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलीवर टेकते. स्वच्छतागृहाच्या दाराचं पत्र वेगळं दिलं, कारण ते खातं वेगळं. दोन्हीकडे पोच मिळाली, शिक्क्यासकट.

तोवर कुणाला जायचंच असेल तर कारखान्यांचा गाळप हंगाम आटोपल्यावर, उन्हं चढायच्या आत जा. खुर्चीवरच्याने उतारावर आवरायला एक दणकट माणूस बरोबर घ्यावा. पुलाशी दोघं असली तर बरं. न दिसणाऱ्याला एकट्यानेही जमेल, पण ट्रॅक्टर नसताना. वॉकरवाल्यांनी घडीचं स्टूल न्यावं. आणि पौर्णिमा टाळावी, त्या दिवशी वाहनांची रीघ असते.

हे शेवटचं आत्याला अजिबात मान्य नाही. पौर्णिमा टाळून जायचं तर मग जायचं कशाला, असं ती म्हणते. तेव्हा चैत्री पौर्णिमेला पहाटे चारला, गाड्या सुरू व्हायच्या आत निघायचं ठरलंय. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.