सापसुरळीचं डोकं पुढे होतं

गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी मी घरोघरची परसं पालथी घालतो. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार पंचायतीच्या समितीने ही वही करायची असते. आमच्याकडे झाडांची पानं भरून झाली होती, पक्ष्यांची फोटोंसकट भरायचं काम माझ्याकडे आलं. संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीत त्यासाठी रान गाठावं लागत नाही. पोफळीच्या बागेत आणि विहिरीच्या काठावरच निम्मी वही भरते.

त्या दिवशी आबांकडे गेलो तो जास्वंदीवरच्या शिंजीर पक्ष्याच्या फोटोसाठी. मागीलदारी पावसाने दरड सरकली होती आणि माती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकायला आली होती. गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत ती काढून जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बांध, घालायचा, असा आबांचा बेत होता. दुपारी जेसीबी येणार होता.

पडवीत कॅमेरा पुसत बसलो होतो, तेवढ्यात बारीक, ताणलेली शीळ घालत काहीतरी नारिंगी पऱ्ह्याकडून, म्हणजे लहान ओढ्याकडून, आलं आणि दरडीतून लोंबणाऱ्या मुळावर बसलं. तिबोटी खंड्या! लांबी जेमतेम तेरा सेंटिमीटर, चोच आणि पाय लालभडक, पाठ जांभळी-निळी. इतर बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं असतात, याच्या पायाला तीनच. जूनच्या पावसाबरोबर तो आपल्याकडे वीण करायला येतो, हे वाडीतही बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

फोटो काढून स्क्रीनवर मोठा केला आणि माझ्या पोटात गोळा आला. चोचीत सापसुरळी होती, शेपटीच्या बाजूने धरलेली, डोकं चोचीच्या पुढे. स्वतः खायचं असतं तर खंड्याने तिचं डोकं आपल्या घशाकडे वळवलं असतं. पिल्लाला भरवायचं असलं की डोकं बाहेरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे पिल्लू डोक्याकडून गिळतं आणि भक्ष्याचे पाय घशात अडकत नाहीत. पाठोपाठ तो दरडीतल्या मुठीएवढ्या भोकात शिरला. भोकाखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ होते. आत पिल्लं होती आणि एवढी मोठी सापसुरळी गिळण्याइतकी ती वाढलेली होती.

आबांना स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले.

"अरे, पण माती भिंतीला लागलीय. रात्री आणखी खाली आली तर?"

त्यांचं खरंच होतं. माणसांच्या डोक्यावर दरड ठेवून पक्षी वाचवा, असं मी सांगणार नव्हतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला धक्का लावणंही शिकारीत मोडतं, पण आबांसमोर कायदा काढायची गरज नव्हती. छत्री घेऊन दोघं दरडीला वळसा घालून आलो. सरकलेला भाग स्वयंपाकघराकडचा होता, घरटं पऱ्ह्याच्या टोकाला होतं आणि तिथली माती मुळांनी घट्ट धरलेली. यंत्राचा दणका मात्र तिथवर पोचला असता. शेवटी ठरलं ते असं: यंत्र रद्द, घराकडची माती दोन गड्यांनी फावड्या-घमेल्याने काढायची, वरून येणारं पाणी चर खणून बाजूला वळवायचं आणि गडग्याचं काम पिल्लं उडाल्यावर. आबांनी जेसीबीवाल्याला तिथूनच फोन लावला. मला फार बरं वाटलं.

पुढचे फोटो मी पडवीच्या खिडकीतूनच काढले. घरट्याच्या तोंडाशी फ्लॅश मारणारे, आडव्या येणाऱ्या फांद्या तोडणारे फोटोवाले पावसाळ्यात कोकणात हिंडतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. फांदी तोडली की घरटं उघडं पडतं आणि मुंगसाला, सापाला वाट मिळते.

गणपतीच्या आधी पिल्लं बाहेर पडली. एकाचा फोटो मिळाला: चोच अजून मळकट, टोकाला पांढरट. गडगा नंतर झाला, पण पऱ्ह्याकडचं टोक आबांनी मातीचंच सोडायला लावलं. वहीत नोंद केली: घरटं परसातल्या दरडीत, पिल्लांचं खाणं सापसुरळी, पाल, लहान बेडूक, खेकडा. माहिती देणाऱ्यांत आबांचं नाव लिहिलं. खेकडा आणताना आपणच पाहिला होता, असं काकूंनी ठासून सांगितलं, म्हणून त्या ओळीपुढे काकूंचं.