कोरडा चमचा : आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात दोन बर्नरची शेगडी आणि एका दाराचा फ्रीज होता. आमचा चॉकलेटचा व्यवसाय सुरू झाला तो या दोघांच्या जिवावर. २०१४ च्या दिवाळीआधी मी पाचशे ग्रॅमच्या चार स्लॅब (तयार चॉकलेटच्या लाद्या), प्लॅस्टिकचे दोन साचे आणि रंगीत कागदांची एक गड्डी आणली. दोन दिवसांचा एक क्लास केला होता, तेवढंच शिक्षण. फराळाच्या ताटाबरोबर ओळखीच्या घरी काहीतरी वेगळं द्यावं, यापलीकडे डोक्यात काही नव्हतं.

काम सोपं वाटलं होतं. भट्टी नको, ओव्हन नको, पाक नको. वितळवायचं, साच्यात ओतायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं. पण पहिल्याच दिवशी नुकताच धुतलेला चमचा मी तसाच वितळलेल्या चॉकलेटमध्ये घातला. चमच्याच्या खळग्यात थेंबभर पाणी असेल नसेल. चार वेळा ढवळलं आणि तुकतुकीत, रिबिनीसारखं पडणारं चॉकलेट बघता बघता शिऱ्यासारखं घट्ट झालं. मी घाबरून आच वाढवली, तर ते आणखी रवाळ झालं. अर्धा किलो माल होता. शेवटी सासूबाईंनी (आम्ही त्यांना आईच म्हणतो) त्यात गरम दूध आणि चमचाभर लोणी घालून घोटलं आणि त्याचा सॉस केला. आठवडाभर मुलांनी तो पोळीला लावून खाल्ला.

असं का होतं, हे मला नंतर कळलं. चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे अगदी बारीक कण स्निग्धांशात तरंगत असतात आणि त्यात पाणी जवळजवळ नसतंच. पाण्याचा थेंब पडला की साखरेचे कण तो शोषून घेतात, ओलसर होतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणून गंमत अशी की थेंबभर पाणी चॉकलेट बिघडवतं, पण वाटीभर दूध घातलं तर त्याचा छान सॉस होतो. तो साच्यात मात्र सेट होत नाही. पाण्यातले खाद्यरंग आणि पाण्यातले इसेन्सही यासाठीच चालत नाहीत. रंग आणि इसेन्स दोन्ही तेलातले लागतात. आमच्याकडे आजही कामावर येणाऱ्या प्रत्येक ताईला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो : चमचा, पातेलं, साचा, हात, सगळं आधी कोरड्या नॅपकिनने पुसायचं. आईंचं वय आता त्र्याहत्तर आहे. त्या रोज सकाळी येऊन आधी चमच्यांच्या डब्यात बोट फिरवून बघतात.

पहिल्या दिवाळीत साधारण पावणेदोनशे चॉकलेटं झाली. वाटून उरली त्यांचे डबे शेजारच्या काकूंनी त्यांच्या भिशीत नेले आणि तिथून चार ऑर्डरी घेऊन आल्या. तिथून खरी सुरुवात.

पुढची दोन वर्षं वाढदिवस, बारसं, हळदीकुंकू, बचत गटांची प्रदर्शनं यांतच गेली. मी शिकवण्या घ्यायचे, त्या हळूहळू कमी केल्या. २०१६ मध्ये फूड लायसन्सची नोंदणी केली. छोट्या उद्योगाला वर्षाला शंभर रुपये फी होती. चौदा आकडी नंबर हातात आला तेव्हा ह्यांनी तो कागद देवघराशेजारी लावला. लेबल नीट करायलाच मला पंधरा दिवस लागले. घटक जास्तीपासून कमीपर्यंत उतरत्या क्रमाने लिहायचे, वजन, तारीख, हिरवा ठिपका, शेंगदाणा आणि दूध आहे याची सूचना. माझं म्हणणं आहे की घरगुती माल विकणाऱ्या प्रत्येक बाईने हे पहिल्या डब्यापासून करावं. विकत घेणाऱ्याच्या हातात आपलं नाव जातं.

आमची ओळख झाली ती बेदाण्याच्या चॉकलेटमुळे. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. भावाची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचं शेडही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं डिपिंग ऑइलच्या (ती लवकर सुकावीत म्हणून वापरायच्या तेलाच्या) द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. उन्हाची थेट तिरीप नको, वारा मात्र खेळता हवा. लहानपणी आम्ही शाळेतून आलो की त्या जाळ्यांखाली पडलेले बेदाणे वेचून खायचो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, बाजार आहे, सौदे आहेत, पण चॉकलेटमध्ये सगळे बदामच घालत होते. मी बेदाणा आणि भाजलेला शेंगदाणा घातला. पहिला प्रयोग फसला, कारण बेदाणे धुऊन तासाभरातच वापरले आणि पुन्हा तेच पाणी नडलं. आता बेदाणा धुतला की सुती कापडावर पंख्याखाली पूर्ण एक दिवस राहतो. मग चिमूटभर कोको पावडरीत घोळवतो, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

लोक विचारतात, घरी कसं करायचं? आम्ही कधी लपवलं नाही. डार्क आणि मिल्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती चरबी घालून केलेलं, स्लॅबमध्ये मिळणारं चॉकलेट) अडीचशे-अडीचशे ग्रॅम घ्या आणि सुरीने बारीक चिरा. मोठे तुकडे ठेवले तर बाहेरचं करपेपर्यंत आतलं वितळत नाही. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा आणि गॅस बंद करा. त्यावर काचेचा बोल असा ठेवा की त्याचा तळ पाण्याला लागणार नाही आणि कडेने वाफ वर येणार नाही. बोल पातेल्यापेक्षा मोठा असला की हे आपोआप साधतं. दोन मिनिटं हात लावू नका, मग सावकाश ढवळा. सगळं एकजीव झालं की बोल उतरवून आधी त्याचा तळ पुसा. हे बहुतेक जण विसरतात आणि ओतताना तळाचं पाणी साच्यात जातं. मग शंभर ग्रॅम शेंगदाणे (भाजून, सालं पाखडून) आणि शंभर ग्रॅम बेदाणे घाला, चिमूटभर मीठ. साचा असेल तर त्यात भरा आणि ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा, बुडबुडे वर येतात. साचा नसेल तर बटर पेपरवर चमच्याने छोटे ढीग सोडा. आम्ही त्याला खडक म्हणतो. मुलांना तेच जास्त आवडतात. फ्रीजरमध्ये नाही, खालच्या फ्रीजमध्ये दहा ते पंधरा मिनिटं. पारदर्शक साचा उलटा धरल्यावर चॉकलेट ओलसर गडद दिसलं तर अजून थांबा, धुरकट दिसलं की समजा साच्यापासून सुटलं. बाहेर काढल्यावर लगेच कागदात गुंडाळू नका. गार चॉकलेटवर हवेतला दमटपणा दवासारखा बसतो. तो सुकला की साखरेचा खरखरीत पांढरा थर राहतो. अर्धा तास पंख्याखाली, मग कागद. एवढ्या मालात चौदा ग्रॅमचे साधारण पन्नास नग होतात.

एक प्रसंग मात्र मनाला चटका लावून गेला. २०१७ च्या एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी विचारलं, “हे खरं चॉकलेट आहे का?” मी ठामपणे हो म्हणाले. त्यांनी टेबलाखालची स्लॅब दाखवायला सांगितली, चष्मा लावून तिच्या मागचं बारीक अक्षर वाचलं आणि शांतपणे म्हणाले, “ताई, यात कोको बटर नाही, वनस्पती तेलाची चरबी आहे.” मी तीन वर्षं तोच माल वितळवत होते आणि स्लॅबच्या मागे काय लिहिलंय ते कधी नीट वाचलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. फसवलं नव्हतं, पण नीट न वाचता विकलं होतं.

त्यानंतर मी चॉकलेट खऱ्या अर्थाने शिकायला बसले. खऱ्या चॉकलेटमध्ये, म्हणजे कुव्हर्चरमध्ये, कोको बटर असतं. ते सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि त्यातला पाचवाच आपल्याला हवा असतो. त्यानेच चकाकी येते आणि तुकडा मोडताना टचकन आवाज होतो. त्यासाठी टेम्परिंग करावं लागतं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, मग ३१-३२ वर आणून त्याच तापमानाला काम करायचं. थर्मामीटरशिवाय जमत नाही, आणि आमच्या उन्हाळ्यात एसीशिवायही नाही. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते जिभेवर विरघळतं. आणि म्हणूनच सांगलीच्या मे महिन्यात ते डब्यातही विरघळतं. कंपाउंडला टेम्परिंग लागत नाही. नवशिक्यांना घरी जमतं ते यामुळेच, आणि आमच्या हवेत टिकतंही. मी कंपाउंड सोडलं नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे दोन वेगळे डबे आहेत आणि दोन्हींवर आत काय आहे ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असतं. किमतीतला फरकही आम्ही समजावून सांगतो. २०२२ पासून खाण्याच्या तेला-तुपात ट्रान्स फॅटची (शरीराला घातक स्निग्धांशाची) मर्यादा दोन टक्क्यांवर आली, तेव्हा मी पुन्हा प्रत्येक स्लॅबचं आवरण तपासलं आणि एक पुरवठादार बदलला.

२०१८ च्या मे महिन्यात लग्नाच्या रिटर्न गिफ्टची तीनशे डब्यांची ऑर्डर होती. डबे दुपारी बंद गाडीत चार तास राहिले. रात्री गार झाले, सकाळी उघडले तर प्रत्येक नगावर पांढरट पट्टे. यजमान म्हणाले, बुरशी आलीय. ती बुरशी नव्हती. स्निग्धांश वितळून वर आला आणि तसाच गोठला, की असं दिसतं. खायला काही अपाय नसतो. पण लग्नघरात हे कोण ऐकून घेणार, आणि का घ्यावं? पूर्ण पैसे परत केले. तेव्हापासून १५ एप्रिल ते १५ जून लांबच्या ऑर्डरी घेत नाही. आणि प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते : गाडीत ठेवू नका, देवघरात समईजवळ ठेवू नका.

२०१९ चं सांगायलाच हवं. राखी पौर्णिमा त्या वर्षी १५ ऑगस्टला होती. बासष्ट जणांनी आगाऊ पैसे देऊन डबे सांगितले होते. घरात चाळीस किलो स्लॅब होती आणि निम्मा माल तयार होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, म्हणून ह्यांनी सगळे खोके त्या रेघेच्या वर हातभर उंच फळीवर ठेवले. आम्हाला वाटलं, पुरेसं आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही आईंना आणि मुलांना घेऊन मिरजेला नात्यातल्या घरी गेलो. अंगावरचे कपडे, कागदपत्रं आणि का कोण जाणे, साच्यांची एक पिशवी बरोबर होती.

परतलो तेव्हा फ्रीज आडवा पडला होता आणि आत गाळ होता. फळी कोसळली होती. तपकिरी गाळात तपकिरी स्लॅब कुठली, तेही कळत नव्हतं. फक्त सोनेरी कागद मध्येमध्ये चमकत होते. आई पायरीवर बसून राहिल्या. त्या घरात त्यांनी बेचाळीस वर्षं काढली होती.

चार दिवसांनी मी वही शोधली. ती भिजली होती, पण फोनमध्ये नंबर होते. बासष्ट जणांना एकेक फोन लावला, पैसे परत देते म्हणून. त्यांतल्या कितीतरी जणांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं होतं. नऊ जणांनी पैसे परत घेतले, त्यांनाही गरजच होती. बाकीच्यांनी एकमेकांशी ठरवल्यासारखं सांगितलं : राहू द्या, गणपतीला मोदक द्या. गणपती २ सप्टेंबरला होते. नणंदेच्या विश्रामबागच्या घरी, तिच्या फ्रीजमध्ये आणि पुरातून वाचलेल्या त्याच साच्यांमध्ये, आम्ही त्रेपन्न घरांचे मोदक केले. आत ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं, वेलदोडा आणि बेदाणा. त्या मोदकांचा फोटो आमच्या दुकानात गल्ल्यामागे आहे.

गावभागात पुन्हा काम सुरू केलं नाही. विश्रामबागेतच एक गाळा घेतला. लॉकडाऊनमध्ये माल विकता येत नव्हता, तेव्हा फोनवरून क्लास घेतले. २०२२ मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून कर्ज मिळालं. त्यात ३५ टक्के अनुदान होतं. त्यातून एसी, मेल्टर (चॉकलेट वितळवायचं यंत्र) आणि कूलिंग कपाट घेतलं. आता आम्ही सात जणी आहोत, आणि हिशेब हे बघतात.

२०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोचं पीक बुडालं. वर्षअखेरीस जगाच्या बाजारात कोको टनाला बारा हजार डॉलरच्याही वर चढला. कुव्हर्चरचा भाव आम्ही आठवड्याला विचारत होतो आणि दर वेळी तो वेगळा होता. काहींनी सुचवलं, थोडं कंपाउंड मिसळा, कुणाला कळतंय? आम्ही त्या वर्षी कुव्हर्चरचा डबा लहान केला, नऊऐवजी सहा नगांचा, आणि तसं डब्यावर लिहिलं. विक्री घटली. मिसळलं मात्र नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या दिवाळीला आम्ही नऊ नगांचा डबा पुन्हा सुरू केला.

दिवाळीच्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंत घेतो. त्यानंतर घेतल्या तर हात घाई करतात आणि माल पुसायचा राहतो. घरी करून बघायचं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी क्लास असतो. सामान सगळं आमचं. येताना एक कोरडा नॅपकिन तेवढा आणा.