शिलाई मशीनपासून कार सीटपर्यंत – आमची वाटचाल

गुहागरात माझं ब्लाउज, परकर, गोधड्या शिवायचं काम होतं. शेजारच्यांनी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, तिथले अभ्रे आणि पडदेही माझ्याकडेच यायचे. २०१४ च्या डिसेंबरात तिथे ठाण्याचं एक कुटुंब उतरलं, बरोबर दहा महिन्यांचं बाळ. रात्री दोनच्या सुमारास धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ बाळाचं रडणं. जुना शिसवी पलंग, जमिनीपासून चांगला अडीच फूट उंच. खाली सतरंजीची घडी होती म्हणून कपाळावरच्या टेंगळावर निभावलं. पण ती आई उरलेली रात्र बाळाला मांडीवर घेऊन पडवीत बसून होती. सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "वहिनी, घरी आमच्याकडे सगळं आहे हो. पाळणा आहे, कठडा आहे. पण फिरायला येताना काय काय उचलून आणायचं?"

त्याच दुपारी मी मशीनवर बसले. जाड कॅनव्हासची साडेचार फुटांची पट्टी, दोन्ही टोकांना पीव्हीसी पाइप जाईल एवढी शिवण, आणि गादीखालून पलीकडे नेऊन आवळायला दोन पट्टे. आमचे हे वायरिंगची कामं करायचे, त्यामुळे पाइप घरात होतेच. पुढच्या मे महिन्यापर्यंत असे सहा कठडे तयार झाले आणि असगोली, पालशेत, वेळणेश्वरच्या घरगुती निवासांत रात्रीच्या भाड्याने जाऊ लागले. पर्यटकांना मुलांच्या सुरक्षेच्या वस्तू भाड्याने द्यायच्या आमच्या धंद्याची सुरुवात ती.

आणि पहिली चूकही तीच. माझ्या भाचीच्या बाळाला घेऊन चिपळूणला मुलांच्या डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा कौतुकाने त्यांना कठड्याचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "किती वयाच्या मुलांना देता?" मी म्हटलं, सगळ्यांनाच. ते गंभीर झाले. दीड वर्षाखालच्या बाळाला असा कठडा लावायचा नाही, गादी आणि कापड यांच्या फटीत बाळाचं तोंड दाबलं जाऊ शकतं, आणि एवढ्या लहान बाळाला स्वतःची सुटका करून घेता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. ज्या बाळासाठी मी तो कठडा शिवला, नेमकं त्याच वयाला तो धोक्याचा! त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्या घरमालकांना फोन केले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कठड्यावर लाल दोऱ्याने वयाची अट शिवलेली असते. दीड वर्षाखालच्या बाळासाठी एकच सल्ला, पलंग विसरा आणि पातळ, टणक गादी भिंतीपासून दूर जमिनीवर घाला.

आता जमिनीवर गादी म्हटल्यावर आमच्या सासूबाईंना आठवला विंचू. त्यांचं बरोबरच होतं. आमच्याकडे जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), चुलीसाठी रचून ठेवलेली लाकडं, कौलं. तांबड्या विंचवाला याहून चांगली जागा कुठली? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर किती उपयोगी पडते ते दाखवून दिलं, त्याआधी कोकणात या विंचवाने कितीतरी मुलं दगावायची. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरात घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

म्हणून आम्ही तळ असलेली, चेन लावायची तंबूसारखी मच्छरदाणी ठेवायला लागलो. नुसती वरून सोडायची मच्छरदाणी जमिनीवरच्या गादीला पुरत नाही, खालून फट राहते. आणि तिच्याबरोबर देतो ती जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी. ही आमच्या ह्यांची कल्पना. नोटा तपासायचा अतिनील दिवा त्यांच्याकडे होता. अंधारात त्याचा झोत गडग्यावर टाकला की विंचू हिरवट-निळा चमकतो. विंचवाच्या कवचाचा तो गुणच आहे. साध्या बॅटरीत जो दगडासारखा दिसतो, तो या उजेडात दहा फुटांवरून कळतो. झोपण्याआधी खोलीचे कोपरे, बूट आणि बाहेर वाळत घातलेले कपडे एकदा बघून घ्यायचे. फक्त हा झोत मुलांच्या डोळ्यांवर पडू द्यायचा नाही. विंचू चावलाच, आणि मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करा.

कार सीटचा विचार आमच्या डोक्यातही नव्हता. लोक कोकण रेल्वेने चिपळूणला उतरतात आणि तिथून जीप किंवा टॅक्सीने गुहागरला येतात, साधारण ४५ किलोमीटर. मूल आईच्या मांडीवर. आम्हीही तसेच वाढलो. मग एका ताईंनी फोन करून विचारलं, चिपळूण स्टेशनवर कार सीट मिळेल का? नाही म्हणावं लागलं आणि ते मनाला लागलं. तोवर २०१९ ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती आली होती. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. दंडाचं सोडा. ताशी पन्नासच्या वेगात धडक बसली तर दहा किलोचं बाळ जगातल्या कुठल्याही आईच्या हातात राहत नाही. हे मला आधी का कळलं नाही, असं अजूनही वाटतं.

बचत गटाचं कर्ज काढून पाच सीट घेतल्या, हळूहळू अकरा झाल्या. चिपळूणच्या बाजारपेठेत सामान ठेवायला एक गाळाही भाड्याने घेतला. सीट बसवून दिल्याशिवाय आम्ही कोणाला पाठवत नाही, आणि हे काम दोन मिनिटांत उरकायचं नसतं. आधी मागच्या आसनाच्या आणि पाठीच्या फटीत बोटं घालून बघायचं. दोन लोखंडी कड्या हाताला लागल्या तर आयसोफिक्सची, म्हणजे त्या कड्यांत अडकवायची सीट बसते, नाहीतर गाडीच्या पट्ट्याने बांधायची. जुन्या जीपला मागे नुसता कमरेचा पट्टा असतो किंवा तोही नसतो, अशा वेळी आम्ही गाडी बदलायला सांगतो. सीट बांधल्यावर तळाशी धरून जोरात हलवायची, बोटभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. मग मुलाला बसवून खांद्यावरचा पट्टा आवळायचा आणि चिमटीत धरून बघायचं. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो अजून सैल आहे. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवायचं, निदान पंधरा महिन्यांपर्यंत आणि जमलं तर त्यापुढेही, कारण बाळाचं डोकं जड आणि मान कोवळी असते. अशी उलटी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर कधीही नाही.

आजोबा मंडळींना हे सगळं जास्तीचं वाटतं. "आम्ही काय मेलो का?" असं म्हणतात. मी वाद घालत नाही. त्यांनाच सांगते, आजोबा, चिमटी तुम्ही घेऊन बघा. मग पुढचे चार दिवस प्रत्येक वेळी पट्टा तेच तपासतात.

२०२० मध्ये टाळेबंदी आली, ३ जूनला निसर्ग वादळ झालं, पर्यटक बंद. मशीन होतं म्हणून मास्क शिवून घर चाललं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं. त्यातून सावरत होतो तोच २२ जुलै उजाडला. वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आमच्या गाळ्याला आम्ही तीन दिवसांनी पोचलो. शटर उघडलं तेव्हा अकराही सीट एकावर एक चिखलात रुतलेल्या होत्या.

दोन दिवस आम्ही त्या धूत होतो. वरचं कापड निघालं, उन्हात घातल्यावर दिसायला पुन्हा नव्यासारखं झालं. पण बकलमध्ये गाळ बसला होता. दाबलं की 'टक्' आवाज यायचा त्याऐवजी कुरकुर यायची, आणि एक-दोन तर लागल्यासारखी वाटून पुन्हा सुटली. पट्ट्याच्या विणीत किती माती शिरली आणि आतल्या फोमचं काय झालं हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. तेव्हा एका माणसाने सगळ्या सीट निम्म्या किमतीत मागितल्या. धुऊन विकतो म्हणाला. आम्हाला पैशांची फार गरज होती, कर्जाचे हप्ते चालू होते. मी रात्रभर विचार केला. सकाळी कापड कापायची माझी मोठी कात्री घेतली आणि अकराही सीटचे सगळे पट्टे कापून टाकले, म्हणजे कचऱ्यातून उचलूनसुद्धा कोणी त्या वापरू नयेत. कात्रीला धार होती तरी ते पट्टे कापताना हाताला फोड आले. ओळीने पडलेले ते तुकडे बघून मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पुन्हा उभं राहायला दोन वर्षं लागली. गटातल्या बायकांनी माझे हप्ते वाटून घेतले, ते मी फेडले. आता आमच्याकडे सीट नऊच आहेत, पण गाळा पहिल्या मजल्यावर आहे.

समुद्राच्या वस्तूंचं मात्र मी फार जपून करते. एका घाऊक व्यापाऱ्याकडून मुलांची वीस जीवरक्षक जॅकेटं मागवली होती. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याला जॅकेट घालून छातीभर पाण्याच्या तळ्यात उतरवलं, मी आणि हे दोन्ही बाजूंना. जॅकेट तरंगलं, पण मुलगा त्यातून खाली सरकला आणि जॅकेट कानांपर्यंत वर चढलं. दोन मांड्यांमधून जाणारा पट्टाच नव्हता. दुसरं एक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं तर सकाळी ते चांगलंच जड झालेलं. आतला फोम पाणी पीत होता. माल परत केला, पैसे आले नाहीत. मला शिवण येते, पट्टा मीच लावला असता, पण जीव सांभाळणाऱ्या वस्तूला घरची सुई लावायची नाही. आता वजनाच्या हिशेबाने, मांडीचा पट्टा असलेलीच जॅकेटं ठेवतो.

हवेच्या ट्यूब, हंस, मगरी आम्ही ठेवत नाही. गिऱ्हाईक हमखास मागतं आणि आम्ही हमखास नाही म्हणतो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यात हलकी ट्यूब मुलासकट बघता बघता आत जाते. शिवाय ट्यूबच्या भरवशावर मोठी माणसं मोबाइल बघत बसतात, तो धोका वेगळाच.

त्याऐवजी मी त्यांना भरतीचा हिशेब शिकवते. तो आमच्याकडे कोळ्याच्या पोरालाही येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. पुढचे सहा तास पाणी ओसरत जातं आणि ओसरतं पाणी पायाखालची वाळू ओढत नेतं. लहान मुलांना पाण्यात खेळवायचं तर पाणी चढत असताना, गुडघ्याएवढ्यात, आणि हाताच्या अंतरावर मोठं माणूस.

बाकी वस्तूंत सांगण्यासारखं थोडं. बाबागाडी वाळूत रुतते, चिऱ्यांच्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) तर उचलूनच न्यावी लागते. तिच्याऐवजी पोटाशी बांधायची झोळी घ्या. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि हनुवटी छातीपासून सुटलेली, एवढं सांभाळा. जेवणाच्या खुर्चीला बाळाला बांधायचा कापडी पट्टा मी स्वतः शिवते आणि सगळ्यात जास्त तोच खपतो. दुचाकीवर चार वर्षांखालचं मूल असेल तर हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा हवा, वेग चाळिसाच्या आत. हा नियम २०२२ साली निघाला, पण पर्यटकांना अजून सांगावा लागतो.

कुंभार्ली नाहीतर आंबा घाटाने येणाऱ्यांना गाडी लागते. मुलाच्या हातातला मोबाइल घाट सुरू व्हायच्या आधी काढा, समोरचा लांबचा रस्ता दिसेल असं बसवा, काच थोडी खाली घ्या, पोटात कोरडी पोळी किंवा भाकरी असू द्या. काजू, फुटाणे, शेंगदाणे चार वर्षांखालच्या मुलाला देऊच नका, घशात अडकतात. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर ती एक लिटर पाण्यातच घाला. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी घालणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, त्याने जुलाब वाढतात. प्रवासाला २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्या बऱ्या.

आता माझ्याबरोबर गटातल्या तिघीजणी शिवायला असतात. स्टेशनवर सीट बसवायचं काम हे आणि आमचा भाचा बघतात. मे महिन्यासाठी फोन शिमग्यानंतर सुरू होतात. फोन कराल तेव्हा मुलाचं वजन, उंची आणि गाडी कोणती ते सांगा. वजन माहीत नसेल तर किराणा दुकानातल्या काट्यावर करून घ्या, पण अंदाजाने सांगू नका.