‘व्यसन नाही का लागत?’

माझ्या एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकत नाही त्या विकाराच्या, गोळ्यांबद्दल हा प्रश्न कुणी काळजीने विचारतं, कुणी माझ्या पर्सकडे बघत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: लागू शकतं. माझं औषध, मेथिलफेनिडेट, १९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात कडक नियंत्रणाच्या यादीत आहे, ते उगाच नाही. पण ठरवून दिलेल्या मात्रेत मला नशाबिशा काही येत नाही. गॅसवर काहीतरी ठेवलंय हे उतू जायच्या आधी आठवतं, इतकंच.

त्यामुळे केमिस्टने चिठ्ठी उलटीपालटी करून सगळ्या रांगेदेखत ‘कोणासाठी?’ विचारलं की अंगाचा तिळपापड होतो. चिठ्ठी तपासा, नोंद करा, गोळ्या मोजा. फक्त हळू आवाजात. हे मी वर्षानुवर्षं तावातावाने सांगत आले आणि दर वेळी एक गोष्ट गाळत आले.

मावसभावाची परीक्षा होती. ‘ताई, दोनच दे ना. तू तर रोज घेतेस.’ मी विरघळले. ज्या गोळ्या लपवून घ्यायची सवय झाली होती, त्यांचा कुणीतरी पहिल्यांदा हेवा करत होतं. दिल्या. त्याने दोन्ही एकदम घेतल्या, वर कपामागून कप कॉफी. पहाटे तीनला फोन आला: छाती धडधडतेय, हात थरथरतायत.

इमर्जन्सीत डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘काही घेतलंय का याने?’ त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘कॉफी.’

माझ्या डोळ्यांसमोर तो नव्हताच. माझी फाईल होती, तिच्यावरचा शेरा होता, आणि उद्यापासून बंद झालेलं औषध. ईसीजी काढून होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. शेवटी बाईंनी पडदा ओढला आणि म्हणाल्या, ‘मी पोलीस नाही. नाव आणि मिलिग्रॅम सांगा.’ तेव्हा कुठे सांगितलं. सकाळपर्यंत तो सावरला. पण ती मधली वीस मिनिटं माझ्या खात्यावर आहेत. लोकांनी लाजवलं म्हणून गप्प बसले, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. अर्धंच खरं आहे ते. गोळ्या देताना मला कुणी लाजवलं नव्हतं.

माझ्या डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी हळूहळू असर करणारी गोळी सुरू केली, तीही पंधराच दिवसांची. मला शिक्षा वाटली. २०२३मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या औषधांवरचा इशारा कडक करून, औषध दुसऱ्याला देऊ नका हे रुग्णांना बजावायला सांगितलं, तेव्हा वाचताना कान गरम झाले. तरीही दर पंधरा दिवसांनी चिठ्ठी, तारीख, रांग हे सगळं लक्षात ठेवायचं कुणी, तर ज्याला लक्षात राहत नाही म्हणून औषध दिलंय त्याने! हा राग अजून गेलेला नाही. आणि केमिस्टने न विचारताच गोळ्या हातावर ठेवल्या असत्या, तर त्या दिवशी मी दोनवर थांबले असते का, तेही सांगता येत नाही.

आता कुलपाची डबी आहे, वहीत रोजचा आकडा आहे. काल रात्री मोजल्या तर एक कमी. किल्ली डबीलाच लटकत राहिली होती आणि दुपारी पाहुणे येऊन गेले होते. सकाळी मीच दोनदा घेतली असेन, किंवा घेऊन लिहायची विसरले असेन. फोन करून विचारावं का? मग मलाही कुणाला तरी विचारावं लागेल, त्या केमिस्टसारखंच. फोन अजून केलेला नाही.