कात्रजच्या नळाची रेखाटने

पुण्याच्या पेठांखालून गेलेला कात्रजचा नळ मी सध्या कोळशाने रेखाटत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातले पाणी केवळ उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणणारी ही बांधीव वाट जमिनीखाली असल्यामुळे, कागदावर उतरवता येतात ते मुख्यतः तिचे उच्छ्वास, म्हणजे आतली हवा बाहेर पडावी म्हणून जमिनीच्या वर काढलेली दगडी बांधकामे. दगडांच्या सांध्यांत रुजलेली पिंपळाची रोपे आणि ओलीची काळपट रेघ यांवर माझा हात सर्वाधिक रेंगाळतो. हौदावर जमणारा शेजार सरला. फडके हौद, नाना हौद ही नावे पत्त्यांत उरली. ज्या आंबिल ओढ्याच्या पाण्यावर हा तलाव उभा राहिला, तोच ओढा आज शहरात भिंतींमध्ये कोंडलेला पाहून जीव तुटतो, म्हणून पुढची चित्रे त्याच्या काठावरची असतील.