चंद्रशिलेला कोणत्या महिन्यात जावे?

दिवाळी आटोपली की हा प्रश्न यायला लागतो आणि तो बहुतेक वेळा एकाच सुरात असतो : 'नाताळच्या सुट्टीत चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला करायचे म्हणतोय, बर्फ मिळेल ना?' तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिसेंबरच्या अखेरीस तिथे बर्फ असेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. जो देतो त्याला तुमची नावनोंदणी हवी असते, एवढे समजून असावे. पण माझा मुख्य आक्षेप प्रश्नाच्या रोखाला आहे. ही वाट सोपी की अवघड हे बर्फ असण्या-नसण्यापेक्षा तो कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरते, आणि ती अवस्था शेवटची हिमवृष्टी केव्हा झाली, त्यानंतर ऊन किती पडले आणि तुम्ही दिवसाच्या कोणत्या वेळी तिथे पाऊल टाकत आहात यावर अवलंबून असते. महिन्याचे नाव त्यातले फार थोडे सांगते.

आधी जागा समजून घेऊ. उत्तराखंडातल्या गढवालमध्ये मंदाकिनी आणि अलकनंदा या दोन खोऱ्यांच्या मध्ये जी डोंगरधार उभी आहे, तिच्यावर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर पंचकेदारांपैकी तुंगनाथाचे मंदिर आहे आणि त्याच्याही वर, सुमारे ४,००० मीटरवर, चंद्रशिलेचा माथा. उखीमठ-गोपेश्वर रस्त्यावरचे चोपता साधारण २,७०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून अधिक उंचीवर तुमची चाल सुरू होते. चोपत्याहून मंदिरापर्यंत साडेतीन किलोमीटरची दगड बसवलेली यात्रेची वाट आहे. तिथून माथ्यापर्यंतचा दीड किलोमीटर मात्र पायवाटेचा आणि अंगावर येणारा आहे. अंतर इतके कमी असल्यामुळेच लोक या वाटेला कमी लेखतात. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे चोपत्याच्या चहाच्या टपरीवर शून्य अंश असेल तर माथ्यावर उणे आठाच्या आसपास धरावे, आणि धारेवरचा वारा त्यात धरलेला नाही.

हिवाळ्यातला बर्फ इथे आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणारे हवामानाचे पट्टे. ते डिसेंबर ते मार्च या काळात अधूनमधून येतात. एखादा जोरकस आला तर दोन दिवसांत कमरेइतका बर्फ साचतो आणि सलग काही आठवडे आलाच नाही तर जानेवारीतही बुग्याल, म्हणजे तिथली कुरणे, पिवळी आणि उघडी राहतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात डिसेंबर आणि जवळजवळ सगळा जानेवारी पश्चिम हिमालयात कोरडा गेला. गुलमर्गचे उतारसुद्धा उघडे पडले होते आणि मोठी हिमवृष्टी झाली ती जानेवारी संपता संपता. त्या नाताळात बर्फासाठी रजा टाकलेल्यांनी काय पाहिले असेल, ते सांगायला नको. जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य या काळात बर्फ सापडण्याची शक्यता सर्वांत अधिक, इतपतच मी बोलेन.

आता अवस्थेकडे येतो, कारण घसरून होणाऱ्या दुखापतींचे मूळ तिथे आहे. नुकताच पडलेला बर्फ भुसभुशीत असतो. त्यात पाय घोट्यापर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत धसतो, दम लागतो, पण घसरण्याची भीती तुलनेने कमी. त्यावर दोन-चार दिवस ऊन पडले आणि शे-दोनशे माणसे चालून गेली की तोच बर्फ दाबला जातो, दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. मग दगडी वाटेवर जो पातळ, पारदर्शक थर तयार होतो, तो गुळगुळीत फरशीवर तेल सांडावे तसा असतो. शिवाय खालचा दगड स्पष्ट दिसत असल्यामुळे वाट कोरडी आहे असेच वाटते. मंदिराकडे जाणारी वाट नागमोडी आहे. तिची उन्हाकडची वळणे फेब्रुवारीत कोरडी झालेली असतात आणि पुढच्याच वळणावर, सावलीच्या अंगाला, हा थर आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर चालून ज्यांचे पाय तयार झाले आहेत त्यांचाही इथे अंदाज चुकतो, कारण कातळाला धरून ठेवणाऱ्या रबरी तळव्याला गोठलेल्या पाण्यावर धरायला काहीच मिळत नाही आणि थंडीने ते रबरही कडक होते. बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्या, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, घ्याव्यात त्या यासाठी. बर्फ खोल आहे म्हणून नव्हे. खोल बर्फासाठी गेटर्स, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायची आवरणे, लागतात, ते वेगळे. हातात काठी मात्र दोन्हींसाठी असावी.

माथ्यावरून सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे तीन-चारला निघण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याबद्दलही याच संदर्भात बोलले पाहिजे. चौखंबा, केदारनाथ शिखर आणि पूर्वेला नंदादेवी-त्रिशूळ यांच्यावर पहिले ऊन पडताना पाहावे असे कोणालाही वाटेल. परंतु त्या वेळी वाटेवरचे गोठण सर्वांत कडक असते आणि ते विजेरीच्या उजेडात ओळखायचे असते. गंमत अशी की पायात दातेरी साखळ्या असतील तर हीच वेळ चांगली, कारण कडक बर्फ तुमचे वजन पेलतो आणि चाल झपझप होते; उलट दहा-अकरानंतर वरचा थर मऊ पडतो आणि तुंगनाथच्या वरच्या उतारावर प्रत्येक पावलाला मांडीपर्यंत धसण्याची पाळी येते. म्हणून साखळ्या असतील तर लवकर निघून अकराच्या आत मंदिरापर्यंत परत यावे. नसतील तर उजाडल्यावर निघावे आणि मंदिरापर्यंत जाऊन समाधान मानावे. माथ्यावरच्या छायाचित्रासाठी अंधारात साध्या बुटांनी निघणाऱ्यांना मी आजवर कधी प्रोत्साहन दिलेले नाही.

बर्फ भरपूर साचलेला असताना अडचण वेगळीच होते. नागमोडी वाट पूर्ण बुजते, उतार एकसंध पांढरा दिसू लागतो आणि पुढे गेलेल्या कोणीतरी वळणे सोडून सरळ आडवी काढलेली पाऊलवाट हीच खरी वाट आहे असे मागचे समजतात. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर जोरदार हिमवृष्टीनंतरचा पहिला दीड-दोन दिवसांचा काळ हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट; अशा उताराला मधोमध आडवे छेदून जाणे म्हणजे नको तिथे वजन टाकणे होय. धारेवर पोहोचल्यावर काठाशी जाण्याचा मोहही आवरावा, कारण वारा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला साठवतो आणि कड्याच्या पुढे त्याचा अधांतरी छज्जा तयार होतो. वरून तो घट्ट जमिनीसारखा दिसतो. म्हणूनच ताज्या बर्फात स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय मंदिराच्या वर जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. (आणि प्लास्टिकच्या गोणीवर बसून घसरत खाली येणाऱ्यांना मी काहीच सांगत नाही, कारण ते ऐकत नाहीत.)

उरलेल्या ऋतूंचे थोडक्यात. मंदिराचे दरवाजे साधारण मे महिन्यात उघडतात. तेव्हा घळींमध्ये मळकट बर्फाचे पट्टे उरलेले असतात आणि वाटेवर गर्दी असते. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस आणि धुके. त्या काळात बुग्यालांवर फुले असतात, पण धोका या वाटेपेक्षा तिथवर नेणाऱ्या महामार्गावरच्या दरडींचा अधिक. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ असते. तरीही तो काळ निर्धोक समजू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडात अवेळी झालेल्या अतिवृष्टी आणि हिमवृष्टीत लमखागा खिंडीच्या परिसरात ट्रेकर्स मृत्युमुखी पडले होते. दिवाळीच्या सुमारास मंदिर बंद होते आणि तुंगनाथाची उत्सवमूर्ती मक्कूमठला नेली जाते, वाट मात्र चालायला खुली राहते. मला स्वतःला मार्चचा उत्तरार्ध सर्वांत आवडतो : खाली जंगलात बुरांश, म्हणजे तिथला ऱ्होडोडेंड्रॉन, लाल फुललेला असतो, झाडांची सीमा साधारण ३,३०० मीटरला संपली की बर्फ सुरू होतो आणि दिवसही बऱ्यापैकी मोठा झालेला असतो.

राहिला प्रश्न आरक्षणाचा. रेल्वेचे तिकीट ६० दिवस आधी काढायचे आणि बर्फाचा अंदाज जेमतेम चार-पाच दिवसांचाच धरवतो, हा मेळ बसणे कठीण आहे. त्यामुळे कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा आणि निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा उत्तराखंडासाठीचा इशारा पाहून चोपत्याच्या मुक्कामवाल्याला तीन गोष्टी फोनवर विचाराव्यात : शेवटचा बर्फ कधी पडला, गाडी कुठपर्यंत येते, आणि काल कोणी माथ्यापर्यंत जाऊन आले का. मोठ्या हिमवृष्टीनंतर गाडी अनेकदा दुगलबिट्ट्यालाच थांबते. मग चोपत्यापर्यंतचे सहा-सात किलोमीटर रस्त्यानेच बर्फातून चालावे लागतात आणि चंद्रशिला एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा बेत मोडतो. तसे झाले तर ओढाताण न करता उखीमठच्या बाजूला परतून सारी गावातून देवरिया तालावर, म्हणजे तिथल्या तळ्यावर, जावे. ते सुमारे २,४०० मीटरवरच आहे, चढ जेमतेम तीन किलोमीटरचा आहे, बरोबर वडीलधारी माणसे असतील तर त्यांनाही जमतो, आणि चौखंबा तिथूनही अगदी समोर दिसतो.